घरापासून १६० मीटरवर गोठा: जमिनीखालून केबल कोणती घ्यावी, आणि जोड द्यावा का?

शिवारवाट

मीटरपासून नव्या गोठ्यापर्यंत बांधाच्या कडेकडेने टेप लावून १६० मीटर भरतात. जमीन काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात चिखल. घरापासून १०५ मीटरवर पाणंद आडवी जाते आणि हंगामात तिच्यावरून उसाच्या ट्रॉल्या जातात.

जोडणी घरगुती, सिंगल फेज. गोठ्यातला भार: कडबाकुट्टी २ एचपी, दूध काढायचं यंत्र १ एचपी, पाण्याची मोटर अर्धा एचपी, चार पंखे आणि आठ एलईडी.

दुकानदार ६ स्क्वेअरची (तारेचा छेद ६ चौरस मिलिमीटर) तांब्याची चपटी सबमर्सिबल केबल घ्या म्हणतो. वायरमन १० स्क्वेअर ॲल्युमिनियम आर्मर्ड, म्हणजे पोलादी चिलखताची, सांगतो. शिवाय चार कोअर (आत चार वेगळ्या तारा) १६ स्क्वेअर ॲल्युमिनियम आर्मर्डचा ६० मीटरचा तुकडा घरी पडून आहे. त्याला १०० मीटर नवी जोडून भागेल का? जोड जमिनीत टिकतो का?

मेगर

दुकानदार आणि वायरमन वेगळं सांगताहेत असं वाटतं, पण विजेच्या हिशेबात दोघांचं उत्तर एकच आहे. तांब्याच्या ६ स्क्वेअरचा रोध किलोमीटरला ३.०८ ओहम, ॲल्युमिनियमच्या १० स्क्वेअरचाही ३.०८ च. म्हणजे गोठ्यात पोचणारा दाब (व्होल्टेज) दोन्हीकडून सारखाच, आणि तुमच्या अंतराला दोन्ही अपुऱ्या.

अँपिअरचा तक्ता बघून केबल निवडायची चूक इथेच होते. दोन कोअर १० स्क्वेअर पीव्हीसी केबल जमिनीत ५५ अँपिअरच्या आसपास सहज वाहते, तुमचा भार त्याच्या निम्म्याहूनही कमी. तक्त्यात पास, मोटरपाशी नापास. १६० मीटरला केबल ठरवते ती दाबाची घट.

हिशेब असा. कुट्टी साधारण १२ अँपिअर, पाण्याची मोटर ४, दिवे-पंखे २. एकूण १८. दूधयंत्र कुट्टीबरोबर चालवायचं नाही, म्हणून धरलं नाही. सिंगल फेजला वीज जाते आणि परत येते, म्हणून अंतर दुप्पट. केबल तापल्यावर रोध वाढतो, त्यासाठी १५ टक्के जास्त धरले आहेत.

१० स्क्वेअर: २ × १८ × ०.१६ × ३.५ = २० व्होल्ट
१६ स्क्वेअर: साधारण १३ व्होल्ट
२५ स्क्वेअर: साधारण ८ व्होल्ट

हे चालू मोटरचं. कुट्टी सुरू होताना ५५ अँपिअरपर्यंत ओढते. तेव्हा १० स्क्वेअरवर हाच गुणाकार ६२ व्होल्ट दाखवतो. मोटर हुंकारत राहते, सुरुवातीचा कपॅसिटर तापतो, आणि काही दिवसांनी दोष मोटर रिवाइंड करणाऱ्याच्या माथी येतो.

शिवारवाट

म्हणजे २५ स्क्वेअर? मग घरचा १६ चा तुकडा वायाच गेला की.

बांधकरी

मेगर दादांच्या ६२ व्होल्टला एक दुरुस्ती. दाब उतरला की मोटर सुरुवातीला ओढते तो प्रवाहही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष घट ४० ते ४५ व्होल्ट मिळेल. पण निष्कर्ष बदलत नाही. संध्याकाळी मीटरवरच २०५ व्होल्ट असले तर मोटरपाशी १६५ च्या आसपास उरतात. मोटरचा जोर दाबाच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे २३० ला मिळतो त्याच्या निम्मा. कुट्टीच्या तोंडात कडबा अडकलेला असेल तर निम्म्या जोरावर ती सुटत नाही.

मेगर

बरोबर, माझा आकडा सर्वांत वाईट स्थितीचा होता.

शिवारवाट, तुकडा वाया जायचं कारण नाही. चार कोअर १६ च पुढे न्या. लाल आणि पिवळी कोअर मिळून फेज, निळी आणि काळी मिळून न्यूट्रल. दोन कोअर जोडीने वाहिल्या की रोध निम्मा होतो: चालू भाराला ६ ते ७ व्होल्ट घट, म्हणजे ३ टक्क्यांच्या आत. २५ स्क्वेअरपेक्षाही बरं. आणि पुढे थ्री फेज जोडणी घेतलीत तर तीच केबल, नुसत्या टोकांची फेरजोडणी. तेव्हा ३ एचपीची थ्री फेज कुट्टी ५ अँपिअरच घेईल आणि घट ३ व्होल्ट राहील, तीही ४१५ वर.

परवाना

जोडीने कोअर वापरताना तीन अटी, त्या पाळल्या तरच हे करा. दोन्ही कोअर एकाच केबलमधल्या, एकाच लांबीच्या. दोन्ही टोकांना जोडी एकाच बसबारवर (पेटीतली जोडणीची धातूची पट्टी), प्रत्येक कोअरला स्वतंत्र लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक). एका लगमध्ये दोन कोअर कोंबायच्या नाहीत. आणि जोडीतली एक कोअर कुठे तुटली तरी उरलेली एकटी पूर्ण भार सोसू शकली पाहिजे. १६ स्क्वेअरची चार कोअर पीव्हीसी जमिनीत ६० अँपिअरच्या आसपास घेते, वर एमसीबी (जास्त प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच) २० ची, म्हणजे ती अट पुरी होते. निळ्या कोअरवर दोन्ही टोकांना काळी स्लीव्ह आणि पिवळीवर लाल स्लीव्ह चढवा. पुढे पेटी उघडणाऱ्याला निळी दिसली की तो फेज समजणार.

आणखी एक. शेतीपंपाच्या जोडणीवरून गोठ्याला वीज ओढू नका. शेतीपंपाची वीज ठराविक तासच असते आणि दर त्या वापरापुरता. घरगुती जोडणीवरून गोठा चालवायचा तरी दूध विक्रीसाठी असेल तर कोणता दर लागेल, मंजूर भार वाढवावा लागेल का, हे खोदाईच्या आधी महावितरणच्या शाखा कार्यालयात विचारून घ्या. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट हातात.

बांधकरी

सबमर्सिबलच्या चपट्या केबलबद्दल कोणी नीट बोललं नाही. पाण्यात ती उत्तम, कारण ती त्यासाठीच केलेली. बोअरमध्ये तिला कुणी चावत नाही, तिच्यावर कुदळ पडत नाही. जमिनीत पुरली की घुशी आणि उंदीर पीव्हीसी कुरतडतात, दगडाचा टोकदार कोपरा मातीच्या दाबाने रुतत जातो, आणि काळ्या मातीत तर भेग उघडताना केबल दोन्हीकडे ताणली जाते. वर पोलादी चिलखत नसल्याने हे सगळं थेट इन्सुलेशनवर. कुदळ लागली तर आर्मर्ड केबलमध्ये लोखंड फेजच्या आधी अर्थला भिडतं आणि स्विच पडतो. चपट्या केबलमध्ये कुदळ सरळ फेजमध्ये जाते, आणि कुदळीचं दुसरं टोक माणसाच्या हातात असतं.

केबलवरची अक्षरं वाचायला शिका, दुकानात फसवणूक होत नाही. सुरुवातीचा ए म्हणजे ॲल्युमिनियम. ए नसेल तर तांबं. वाय म्हणजे पीव्हीसी, २एक्स म्हणजे एक्सएलपीई (पीव्हीसीपेक्षा जास्त उष्णता सोसणारं इन्सुलेशन). एफ म्हणजे चपट्या पट्टीचं चिलखत, डब्ल्यू म्हणजे गोल तारांचं. शेवटचा वाय बाहेरचं पीव्हीसी. तर एवायएफवाय म्हणजे ॲल्युमिनियम, पीव्हीसी, पट्टी, पीव्हीसी. ए२एक्सएफवाय म्हणजे तेच पण आत एक्सएलपीई. पीव्हीसीवर आयएस १५५४ आणि एक्सएलपीईवर आयएस ७०९८ हा क्रमांक उमटवलेला हवा, आयएसआय चिन्हासह. बाहेरच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा लिहून घ्या, वजाबाकी केली की लांबी कळते.

काळीमाती

खोदाईबद्दल. कमी दाबाच्या केबलला आयएस १२५५ प्रमाणे ७५ सेंटिमीटर खोली. आपल्याकडे पलटी नांगर सव्वा-दीड फूट उलथतो, सबसॉयलर त्याच्याही खाली जातो. म्हणून बांधाची कड धरली हे उत्तम केलंत, पण बांधाच्या पोटात खणू नका, बांध ढासळतो आणि दरवर्षी कुणी ना कुणी तो कोरत असतो. बांधापासून दोन फूट आत, सरळ रेषेत. चर ३० सेंटिमीटर रुंद आणि ९० खोल खणा, म्हणजे तळाची वाळू घालूनही केबलवर ७५ पेक्षा कमी माती राहत नाही.

तळाचे दगड वेचून ८ सेंटिमीटर वाळू, त्यावर केबल, वर पुन्हा ८ सेंटिमीटर वाळू. केबलची जाडी धरून १९ सेंटिमीटरचा थर झाला. १६० × ०.३० × ०.१९ म्हणजे ९.१ घनमीटर, सव्वातीन ब्रास. नदीची वाळू मिळत नसेल तर क्रश सँड चालते, फक्त कच आणि खडी चाळून काढलेली. काळ्या मातीत ही वाळू गादी म्हणून तर हवीच, पण तिचं खरं काम माती आणि केबल यांच्यात सरकायला जागा ठेवणं हे आहे. माती आवळली की केबल धरून ओढत नाही.

त्यासाठीच केबल ताठ टाकायची नाही. हलकी नागमोडी, लांबीला ३ टक्के जास्त. १६० च्या जागी १६५ मीटर.

वाळूवर विटा आडव्या, एकीला एक चिकटून. विटेची रुंदी ११ सेंटिमीटर धरली तर सुमारे १४५० विटा. शहाबादी फरशीचे फुटके तुकडे स्वस्तात मिळाले तर तेही चालतात. विटेवर १५ सेंटिमीटर मुरूम, त्यावर लाल-पिवळी इशारापट्टी, मग माती. ओली ढेकळं तशीच लोटू नका. त्यांच्यात पोकळ्या राहतात, पहिल्या पावसात चर खचतो आणि पाण्याचा पाट थेट तिथूनच वाहायला लागतो. १५-१५ सेंटिमीटरचे थर धुमस करून.

पाणंदीत खोली १ मीटर. १०० मिलिमीटरचा जीआय किंवा जाड एचडीपीई पाइप, पाणंद ४ मीटर असेल तर पाइप ६ मीटर, दोन्हीकडे एकेक मीटर बाहेर. पाइपची तोंडं गोणपाटाने नाही, डक्ट सील किंवा फोमने बंद करा, नाहीतर घूस तिथे घर करते. आत एक जास्तीची नायलॉन दोरी ओढून ठेवा.

जांभाकाठ

कोकणात हेच सांगायचं तर जांभ्यात ९० सेंटिमीटर खणणं सगळीकडे परवडत नाही. खोली मिळत नसेल तिथे डीडब्ल्यूसी (दुहेरी भिंतीच्या नालीदार प्लास्टिक) पाइपमधून केबल नेऊन पाइपवर १० सेंटिमीटर काँक्रीट ओततात. पाइपला उतार हवा, सखल टोकाला पाणी निघायला वाट हवी. पाइपमध्ये केबलला मातीसारखा गारवा मिळत नाही, म्हणून तक्त्यातली अँपिअरही कमी धरायची. तुमच्या जमिनीत सरळ माती-वाळूच चांगली.

शिवारवाट

हे सगळं करतो. पण जोडाचं कुणी सांगितलं नाही. वायरमन म्हणतो नीट पिळून टेप मारला आणि वर प्लास्टिकची पिशवी बांधली की झालं.

जोडारी

टेप आणि पिशवी हा जोड नाही. काळ्या मातीत तो एक पावसाळा काढेल, दुसरा काढेल याचा भरवसा नाही. होतं काय ते सांगतो. टेपच्या थरांमधून ओल आत शिरते. ॲल्युमिनियमच्या तारांमधल्या फटींतून ती केशाकर्षणाने दोन्ही बाजूंना काही मीटर चढते. ओलीत ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते, ती फुगते, संपर्क सैल होतो, रोध वाढतो, जोड तापतो. पिळलेल्या ॲल्युमिनियमवर हवेतलीच ऑक्साइडची पापुद्री असते, ती वीज नीट जाऊ देत नाही, म्हणून पिळणं हा मुळातच जोड नाही. आणि अशा जोडात चिलखत सहसा जोडलेलंच नसतं. मग गोठ्याकडचं चिलखत घराच्या अर्थपासून तुटतं, हे वरून कुणालाच दिसत नाही.

पहिली पसंती एकसंध केबल. जमत असेल तर तेच. पण नीट केलेला एक हीट श्रिंक जोड (तापवून आखडणाऱ्या नळ्यांचा) जमिनीत वर्षानुवर्षं राहतो, तेव्हा ६० मीटर चांगली केबल टाकून देऊ नका. आधी तिची परीक्षा घ्या: टोकं उघडीच पडून होती का? दोन्ही टोकांकडून अर्धा-अर्धा फूट कापत जा, तारा चांदीसारख्या चमकल्या की थांबा. काळपट किंवा पांढरट असतील तर आणखी कापा. मग मेगरने (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) प्रत्येक कोअर इतर सगळ्यांशी आणि चिलखताशी, १००० व्होल्टवर एक मिनिट. चांगल्या तुकड्यावर शेकड्यांत मेगओहम यायला हवेत.

लांबी मोजा. नागमोडीसह १६५, दोन्ही टोकांना चरातून पेटीपर्यंत वर यायला ३-३, जोडापाशी पुढेमागे दुरुस्तीसाठी सैल वळण मिळून २. एकूण १७३. जुन्यातला एक मीटर कापण्यात जाईल, उरले ५९. म्हणजे नवी १०० नाही, ११५ घ्या. १०० आणली असती तर गोठ्याच्या दारात येऊन केबल संपली असती आणि दुसरा जोड मारावा लागला असता.

नवीही १६ स्क्वेअर चार कोअरच. एकीकडे पीव्हीसी आणि दुसरीकडे एक्सएलपीई असली तरी जोडता येते, पण मग सगळ्या लांबीला पीव्हीसीचीच मर्यादा धरायची, ७० अंश. किट घेताना दोन्ही प्रकार सांगा.

जुना तुकडा घराकडे टाका. मग जोड घरापासून ५३ मीटरच्या आसपास पडतो, कोरड्या उंच जागी. गोठ्याकडे टाकलात तर तो १०७ मीटरवर पडतो, म्हणजे थेट पाणंदीत. ट्रॉलीच्या चाकाखाली किंवा पाइपच्या आत जोड कधीच नको.

आता कृती. एक दिवस कोरडा बघून, सकाळी सुरू करा.

खड्डा दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, केबलपेक्षा वीतभर खोल. खाली ताडपत्री, वर सावली. दोन्ही टोकं वीतभर एकमेकांवरून नेऊन मधोमध काटकोनात कापा.

सर्वांत जास्त होणारी चूक: नळ्या आधी ओवायला विसरणं. बाहेरची मोठी नळी एका केबलवर, आतली दुसरीवर, कोअरच्या चार नळ्या लांब सोललेल्या बाजूच्या कोअरांवर. फेरूल (दोन तारांची टोकं जोडणारी धातूची नळी) दाबल्यावर आठवलं तर फेरूल कापून नवा जोड, दुसरा उपाय नाही.

बाहेरचं आवरण किटच्या कागदावर दिलेल्या मापाने सोला. चिलखताच्या पट्ट्या ४ सेंटिमीटर ठेवून हॅक्सॉने अर्धवट कापा आणि वाकवून तोडा. पूर्ण कापायला गेलात तर ब्लेड आतल्या कोअरला लागतं आणि ती चीर नंतर दिसतही नाही. आतलं आवरण २ सेंटिमीटर सोडून काढा.

प्रत्येक कोअरचं इन्सुलेशन फेरूलच्या निम्म्या लांबीपेक्षा ५ मिलिमीटर जास्त काढा. ॲल्युमिनियम तारेच्या ब्रशने घासा आणि लगेच, काही मिनिटांच्या आत, ऑक्साइड रोखणारी पेस्ट लावून फेरूलमध्ये सारा. तार मधल्या अडसरापर्यंत पोचली पाहिजे. १६ चा फेरूल, दाबयंत्राला १६ चा डाय (साचा). एका बाजूला दोन दाब, मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने. दाबल्यावर उठलेली धार कानसने घासून टाका, ती नळीला आतून कापते. बाहेर आलेली पेस्ट पुसा. रंगाला रंग: लाल-लाल, काळी-काळी. तुम्ही जोडीने वापरणार असलात तरी.

नळी आखडवताना गॅसची ज्योत मऊ, टोकाला पिवळी ठेवा आणि हात फिरता ठेवा. मध्यापासून सुरू करून एका टोकाला, मग मध्यापासून दुसऱ्या टोकाला. टोकाकडून सुरू केलं तर आत हवा कोंडते. दोन्ही टोकांना गोंद बाहेर डोकावला की नळी बसली. नळी एका जागी जाळली तर टाकून द्या, वरून टेप मारून झाकू नका.

चारही कोअर एकत्र बांधा, मधल्या पोकळीत मॅस्टिक भरा, आतली नळी आखडवा. मग चिलखत ते चिलखत तांब्याची कल्हईची जाळीपट्टी, दोन्हीकडे आधाराच्या कड्यावर जुबिली क्लिपने घट्ट. चिलखत आधी घासून चकचकीत करा. शेवटी बाहेरची नळी. दोन्हीकडच्या आवरणावर १० सेंटिमीटरहून जास्त चढली पाहिजे, आणि तो भाग आधी पॉलिश पेपरने खरखरीत करून स्पिरिटने पुसलेला हवा. हाताला कोमट लागेपर्यंत हलवू नका. माती टाकण्याआधी पुन्हा मेगर, आणि मल्टिमीटरने चिलखत घर ते गोठा सलग आहे का तेही.

शिवारवाट

पुढे कधी जेसीबीने केबल तोडली तर असाच एक जोड?

जोडारी

बहुतेक वेळा दोन. जेसीबीचा बकेट केबल कापत नाही, ओढून तोडतो. तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना तारा ताणल्या जातात आणि इन्सुलेशन आतून फाटतं. निरोगी भाग येईपर्यंत कापलं की टोकं एकमेकांना पोचत नाहीत, मग मध्ये ३ ते ५ मीटरचा तुकडा आणि दोन जोड. जोडापाशी सैल वळण ठेवायला सांगितलं ते याचसाठी.

गव्हाण

केबल एवढी नीट टाकताय, तर गोठ्यातल्या अर्थिंगलाही तेवढीच काळजी द्या. गाय ओल्या शेणामुतात चारही पायांवर उभी असते, पुढच्या-मागच्या पायांत दीड मीटर अंतर, आणि खुरांखाली चप्पल नसते. माणसाला मुंग्या येतील एवढ्या दाबाने गाय दगावू शकते.

महावितरणचा अर्थ घरात बहुतेक ठिकाणी येत नाही, अर्थ आपणच गाडतो. समजा गोठ्याच्या अर्थचा रोध १० ओहम आणि डीपीकडचा (ट्रान्सफॉर्मरकडचा) ३. मोटरची बॉडी फेजला लागली तर प्रवाह २३० भागिले १३, म्हणजे १८ अँपिअरच्या आतच. २० ची एमसीबी पडणारच नाही. आणि तेवढा वेळ मोटर, लोखंडी गव्हाण, पाण्याचा पाइप सगळं १७५ व्होल्टच्या आसपास राहील. म्हणून आरसीसीबी (प्रवाह अर्थकडे गळला की पडणारा स्विच) ही हौस नाही. गोठ्यात ३० मिलिअँपिअरच्या दोन: एक मोटरींना, एक दिव्यांना, म्हणजे मोटरचा दोष आला तरी अंधार होत नाही. घराकडे १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची, उशिरा सुटणारी एस प्रकारची, केबलच्या रक्षणासाठी. दोन्हीकडे ३० ची लावली तर दोष गोठ्यात, आणि पडते घरची. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण.

दोन आरसीसीबींचे न्यूट्रल मिसळू नका आणि गोठ्यात न्यूट्रल अर्थला कुठेही जोडू नका. नव्या वायरिंगमध्ये आरसीसीबी लगेच पडत असेल तर शंभरातल्या बहुतेक वेळा कारण हेच असतं, आणि वायरमन तिला खराब ठरवून काढून टाकतो. काढू देऊ नका.

फरशी ओतायच्या आधी सळईची जाळी काँक्रीटमध्ये ठेवा आणि ती, लोखंडी खांब, गव्हाणीचे पाइप, पाण्याची टाकी हे सगळं एकमेकांना जीआय पट्टीने जोडून अर्थला न्या. जनावर ज्याला शिवेल ते सगळं एकाच दाबावर राहिलं की पायांत फरक पडत नाही. हे फरशी झाल्यावर करता येत नाही. अर्थचा खड्डा: ४० मिलिमीटर जीआय पाइप, अडीच मीटर, भिंतीपासून दीड मीटर लांब आणि जनावरं बांधायच्या बाजूला नाही. मीठ टाकलं तर पाइप लवकर गंजतो. बेंटोनाइटची पावडर मिळते, ती बरी.

मेगर

गव्हाण ताईंच्या पोस्टला जोडून एमसीबीचं. घराच्या टोकाला ३२ ची सी कर्व्ह (आकड्याच्या ५ ते १० पट प्रवाहाला लगेच पडणारी) सरसकट बसवतात. एवढ्या लांबीवर ते चुकतं. जोडीने वापरलेल्या १६ चा जाऊन-येऊन रोध ०.३५ ओहम, डीपीपासून मीटरपर्यंतचा ०.७ धरा. गोठ्यात फेज-न्यूट्रल चिकटले तर २१९ अँपिअर वाहतील. सी ३२ ला लगेच पडण्याची खात्री ३२० ला. मधल्या प्रवाहाला ती तापून पडते, काही सेकंदांनी, आणि गोठ्यात शेजारी वैरण असते. सी २० ला खात्री २०० ला. कुट्टीचे सुरुवातीचे ५५ अँपिअर तिला पाडत नाहीत, कारण तिची खालची हद्द १०० आहे. म्हणून सी २०. फक्त कुट्टी आणि दूधयंत्र एका वेळी चालणार नाहीत असा चेंजओव्हर गोठ्यात बसवा, नाहीतर २० वर भार जाईल.

शिवारवाट

यादी केली. १६ स्क्वेअर चार कोअर एवायएफवाय ११५ मीटर, हीट श्रिंक किट १, ग्लँड (केबल पेटीत घट्ट धरणारी) २, रिंग लग १६ नग, वाळू सव्वातीन ब्रास, विटा १५००, पट्टी, पाइप ६ मीटर, सी २०, आरसीसीबी ३. एमसीबीला रिंग लग कशी बसवायची तेवढं सांगा.

जोडारी

बसत नाही. रिंग लग आठच घ्या, त्या बसबारला: चार कोअर, दोन टोकं. बसबार तांब्याचा असेल तर बायमेटल (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसरीकडे तांबं) लग. बसबारपासून एमसीबीपर्यंत तांब्याची ६ स्क्वेअरची तार आणि तिला पिन लग. ॲल्युमिनियम थेट एमसीबीच्या स्क्रूखाली दिलं तर दाबाने ते हळूहळू सरकतं आणि स्क्रू सैल होतो.

ग्लँड डबल कॉम्प्रेशन, केबलची बाहेरची जाडी व्हर्नियरने मोजून मग आणा. नुसतं १६ स्क्वेअर सांगून आणलेली बसेलच असं नाही. ग्लँडखाली अर्थ टॅग, तो पेटीच्या अर्थ बोल्टला. पेटीत केबल खालूनच, वरून नाही. जमिनीतून वर येते तिथे २ मीटरपर्यंत जीआय पाइप. वळण केबलच्या जाडीच्या १२ पटींपेक्षा लहान नको. केबल भेंडोळ्याच्या बाजूने उपसू नका, पीळ पडतो. भेंडोळं आडव्या पाइपवर फिरतं ठेवून पुढून ओढा.

काळीमाती

यादीत खुणेचे दगड नाहीत. दर २० मीटरला एक, पाणंदीच्या दोन्ही कडांना एकेक, आणि जोडावर वेगळा, "जोड" असं कोरलेला. माती टाकण्याआधी उघड्या चराचे फोटो, टेप धरून, बांधापासूनचं अंतर दिसेल असे. त्यांची एक प्रत मीटरच्या पेटीत, एक शेजारच्या शेतकऱ्याकडे, कारण जेसीबी बहुतेकदा शेजारीच बोलावतो.